अळीचा खरा आकार

चांदूर बाजार
४ फेब्रुवारी २००८

चि. रागिणीस बाबांचे मनापासून आशीर्वाद.

तुमच्या ऑफिसचं संत्र्याच्या किडींचं पत्रक तनवीरच्या कॉम्प्युटरवर आलं. त्याच्या दुकानातून रंगीत छापून घेतलं. खाली तुझं नाव पाहून अजून प्रती काढल्या अन् शेजारच्या बागेतल्या डोमाजीले, देवीदासले वाटल्या. फोटो मस्त आहेत. ते पाहूनच धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या झाडांवर अळीसाठी फवारून घेतलं. आमी सगळे मजेत आहो. तू जेवणाची आबाळ करू नको.

तुझे बाबा,
महादेवराव

---

चांदूर बाजार
७ फेब्रुवारी

लाडक्या रागिणीले आईचा आशीर्वाद.

फोन तुझ्या बाबांच्या खिशात राहते, म्हणून लपून लिहून राहिले. त्यायनं तुले लिहिलं नाही ते सांगते. फवारून आले अन् आंगणातच खाली बसले. चक्कर, उलट्या. देवीदासनं दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. आता बरे आहेत, घाबरू नको.

काल कृषी सहायक बाग पाहून गेले. ते म्हणे, या अळ्या झाडाच्या दुश्मन नव्हत्याच. ठिपकेवाल्या ढालकिड्याची पिल्लं होती, झाडाचा रस पिणारी मावा कीड खाणारी. फवारायची गरजच नव्हती. मग मी तुझं पत्रक पाहिलं. पानं खाणारी अळी अन् ही कामाची अळी, दोन्ही फोटो धुरकट अन् आडवे ताणलेले. जुळ्या बहिणी वाटतात. फोटोखाली लहान अक्षरात काय लिहिलं ते कोण वाचते?

तुले कळवायचं नाही असं तुझ्या बाबांनी बजावलं. पोरीचं पहिलंच काम आहे, तिचं मन मोडंल म्हणे. मी हो म्हटलं अन् लिहाले बसले. डोमाजी येत्या गुरुवारी सगळ्या बागेवर फवारणार आहे.

तुझी आई,
सुभद्रा

---

अकोला
११ फेब्रुवारी

ती. सौ. आईस रागिणीचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून बाबांशी लगेच फोनवर बोलले, पण ते थंडी किती पडली तेच सांगत राहिले. मग डोमाजीकाकांना फोन करून फवारू नका म्हटलं. ते म्हणाले, कागदावर तुझंच नाव आहे, मग तुझं बोलणं खरं मानू की तुझा कागद? फोन ठेवून मी लगेच आमचा प्रोग्राम उघडला.

दिवसभर शोधत बसले तेव्हा चूक सापडली. आमचा प्रोग्राम मजकूर आणि फोटो जोडून पत्रकाची पीडीएफ आपोआप बनवतो. तो कॅमेऱ्यातला मूळ फोटो न घेता स्क्रीनवर दाखवायचा चिमुकला फोटो उचलत होता आणि चौकट भरेपर्यंत ताणत होता. एवढुशा कणकेची मोठी पोळी लाटली की ती फाटते, तसं झालं. शिवाय रुंदी उंचीपेक्षा जास्त वाढायची. म्हणून ढालकिड्याची लांब, सडपातळ अळीही पानं खाणारीसारखी जाडजूड दिसली. प्रोग्रामच्या स्क्रीनवर फोटो लहानच असल्यानं बरा दिसायचा. तयार पत्रक छापून मी कधी पाहिलंच नव्हतं.

आता मूळ फोटो घेतले, लांबी-रुंदीचं प्रमाण बांधून टाकलं. फाइल जड होते म्हणून साहेब कुरकुरले. मी त्यांना बाबांच्या सलाईनचं सांगितलं. मग जुनं पत्रक मागे घेतल्याचं त्यांनीच सगळीकडे कळवलं. प्रत्येक अळीखाली तिच्या खऱ्या लांबीची रेघ दिली आहे. पण छापताना प्रिंटर पान लहान करतो आणि रेघ खोटी ठरते. म्हणून पान आहे त्याच मापात छापायचं, असं तनवीरला दोनदा समजावलं. फाइल त्याच्याकडे गेली आहे.

बाबांना पुन्हा फवारू देऊ नकोस. तुझा हात माझ्या डोक्यावर असाच राहू दे.

तुझी,
रागिणी

---

चांदूर बाजार
१५ फेब्रुवारी

चि. रागिणीस बाबांचे भरभरून आशीर्वाद.

काल डोमाजीनं पंप भरला होता. तनवीर गाडीवर नवं पत्रक घेऊन बागेतच आला. डोमाजीनं संत्र्याचं पान तोडलं, त्याच्यावरची अळी कागदाच्या रेघेवर धरली. जशीच्या तशी! पाठीवरचे काटे, नारिंगी ठिपके, सगळं ढालकिड्याच्या पिल्लाच्या फोटोतल्यावाणी. मग ते पान अलगद झाडाच्या फांदीवर ठेवलं अन् पंप खांद्यावरून उतरवला. पोरीले सांगजा, मी कागदाचंच ऐकलं, असं म्हणे.

तुझ्या आईचं कारस्थान मले समजलं. मी रागावलो नाही. तुले वाईट वाटू नये म्हणून मी चूप राहिलो, पण तुझी आईही चूप राहिली असती तर डोमाजीही सलाईनवर गेला असता. खोटी शाबासकी देऊन बाप लेकराचं भलं करत नाही, हे या वयात उमगलं.

तर लक्ष देऊन वाच. नव्या पत्रकात दुसऱ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत 'मावा'चं 'मवा' झालं आहे. दुरुस्त कर.

तुझ्यावर जीव असलेले,
बाबा