मका अजून कच्चा आहे

४ ऑक्टोबर, सोमवार
सगळ्यात आधी आला तो मीटरवाला. मागोमाग कापणीचा मशीनवाला, आणि त्याच्यामागे खिशात हात घालून शेजारचा टोपीवाला. आमच्या शेतात याचं काय काम? चहा तिघांनी घेतला, पण साखर यानेच दोनदा मागितली. मीटरवाल्याने ओलावा मोजायच्या डबीत दाणे टाकले, बटण दाबलं. म्हणे आजी, मका वाळलाय, आजच काढा, शनिवारपासून पाऊस आहे. डबीला काय कळतंय? वाळलेला दाणा दाताखाली कट्ट वाजतो, हे मला सासऱ्यांनी शिकवलं. नवी कवळी होती तरी दणकून चावला. वाजला नाही. म्हणजे कच्चा. सून म्हणाली, सासूबाई, मला ओट्यापाशी आवाज ऐकू आला. तिला काय, टीव्हीचा आवाजही रोज मोठाच वाटतो.
कच्चा काढला की बुरशी धरणार, मग टोपीवाल्याच्या मक्याला भाव. सगळा प्लॅन कळला मला. मशीन परत पाठवलं. मुलाचं तोंड पडलं, पण शेत माझ्या नावावर आहे.

५ ऑक्टोबर, मंगळवार
मशीन टोपीवाल्याच्या शेतात. पटलं ना? कुंपणापाशी जाऊन मी मस्त हसून घेतलं. तो हात हलवून काहीतरी ओरडला. टोमणाच असणार. सून म्हणते, मशीन मोकळं झालं की पाठवतो म्हणत होता. इतकी साखर खाणारा माणूस गोडच बोलणार.

७ ऑक्टोबर, गुरुवार
ऊन खणखणीत. परत दोन दाणे चावले, आवाज नाही. मुलाने चावला, म्हणे आई, वाजला की. पोटचा पोरगाही फितूर. मीटरवाल्याचा फोन आला, तो सुनेने माझ्यासमोरच कुजबुजत घेतला. हल्ली या घरात सगळेच कुजबुजतात. ठरवलं, आता कोणाचंही ऐकायचं नाही.

९ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळ
ढग आहेत. येतील नि जातील. मुलगा दारात येरझाऱ्या घालतोय, मला दाखवायला.

१० ऑक्टोबर, रविवार
रात्रभर पत्रा वाजत होता म्हणे. मला तर छान झोप लागली. सकाळी बघते तर वाऱ्याने अर्धा मका आडवा, कणसं चिखलात. टोपीवाल्याचं रान मोकळं, माल शेडमध्ये कोरडा. म्हणजे त्याला पाऊस आधीच माहीत होता. मला कोणी नीट सांगेल तर ना.

१३ ऑक्टोबर, बुधवार
पाऊस आज थांबला. पडलेलं कणीस सोललं तर दाण्यांना कोंब, हिरवेगार. सुनेला म्हटलं, बघ, कच्चा होता म्हणूनच वाढतोय. ती कणीस उचलून आत घेऊन गेली. मुलगा बांधावर बसला होता, त्याला हाक मारली. त्याने ओ दिली असेल. नसेलही.

१४ ऑक्टोबर, गुरुवार
तिघेही परत आले, गुडघ्यापर्यंत चिखल. मशीन रुतेल, म्हणून उभा मका हाताने तोडायचा. माणसं टोपीवाल्याची, वाळवायला शेडही त्याचंच. ऊन राहिलं तर निम्मा पदरात पडेल. हे सगळं मुलाने माझ्या कानाशी तोंड आणून, एकेक शब्द तोडून सांगितलं. टोपीवाला तेवढा वेळ दुसरीकडे बघत होता. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही काही म्हटलं नाही.
जाताना तिघे काहीतरी बोलले. मी मान हलवली. मग सुनेने ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटाने लिहून दाखवलं. शनिवारी येणार आहेत.