शाळा सुटल्यावरचा तास

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची परदेशात! खोली झकास आहे. तिसरा मजला, दोन खिडक्या, पिवळे पडदे आणि पलंग एवढा उंच की चढताना साठी उलटल्याची जाणीव होते. घरमालकीण खालीच राहते. माझ्याच वयाची, आणि गुडघ्यांवर बोलायला लागली की थांबत नाही. आमचं जमणार.

काम उद्यापासून. समोरच्या छोट्या संग्रहालयात जुने, जीर्ण झालेले पोशाख आहेत. त्यांची लेस आणि रफू महिनाभर मी करायचं. लहानपणी हॉस्टेलात लेस शिकवणाऱ्या सिस्टर आज असायला हव्या होत्या. एक टाका वाकडा दिसला की अख्खी ओळ उसवायला लावायच्या आणि आम्ही मुली नाक ओढत उसवायचो. त्या रडण्याने आज विमानात बसवलं.

विमानतळावर वायफायची डबी भाड्याने घेतली, साबणाच्या वडीएवढी. ती हवीच होती. ठकी, म्हणजे माझी आठ वर्षांची नात, शाळेतून येते तेव्हा लेक ऑफिसात असते. तो तासभर एरवी मी घरी असते. आता रोज व्हिडिओ कॉलवर मी तिच्याजवळ बसायचं. इथे तेव्हा माझी जेवणाची सुट्टी. या बोलीवरच लेकीने मला सोडलं.

४ मार्च

जेवायला खोलीवर आले आणि ठकीच्या टॅबवर फोन लावला. नेट रडतखडत. माझे ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात म्हणे. ठकी आधी खूप हसली. मग चेहरा एकाएकी बारीक करून म्हणाली, आजी, तू तुटतेस, मला नाही आवडत. मी म्हटलं, अगं वेडे, मी नाही तुटत, नेट तुटतंय. तिला पटलेलं दिसलं नाही.

६ मार्च

डबीवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, डबी ठणठणीत आहे. रोज ठरलेला डेटा वेगाने मिळतो, तो संपला की गाडी बैलगाडी होते, आणि तुमचा रोज दुपारच्या आत संपतो. मी म्हटलं, सकाळभर डबी कुलूपबंद खोलीत असते, मी समोर सुई धरून बसलेली असते. तो हसला. डबी आपण होऊन काही खात नाही, कोणीतरी वापरतंय, म्हणाला.

माझा संशय घरमालकिणीवर गेला. पासवर्ड बदलला. संध्याकाळी तिने गरम सूप आणून दिलं तेव्हा ओशाळायला झालं.

७ मार्च

आज तर फोन लागलाच नाही. पूर्ण सुट्टीभर ठकीचा टॅब दुसऱ्या कॉलवर व्यस्त.

संध्याकाळी लेकीचा मेसेज आला. आई, आज काय स्पष्ट दिसत होतीस म्हणे, ठकी जाम खूश आहे, तुम्ही दोघींनी तासभर गाणी म्हटली. ठकीने कॉल चालू असताना टॅबवर टिपलेला माझा फोटोही सोबत होता. तो वरून एकेक पट्टी उतरत आला. आधी पिवळा पडदा. मग माझे केस, माझा चष्मा. मग हसू.

मी याच पलंगावर बसलेली. खिडकीत दुपारचं ऊन.

त्या वेळी मी याच खोलीत उभी होते. पलंगावर कोणी नव्हतं.

१० मार्च

शनिवार-रविवार लेक घरी होती, तेव्हा काहीच घडलं नाही. आज पुन्हा टॅब व्यस्त. लेकीला ऑफिसात गाठलं, तुटक तुटक सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, तुला झोप नाहीये. ठकी मजेत आहे. तू उगाच काहीतरी मनात घेऊ नकोस.

घरमालकिणीच्या फोनवरून ठकीजवळच्या साध्या फोनवर लावलं. तिने उचलला. मी म्हटलं, ठकी, मी आजी. ती घाबरली. आवाज ओळखीचा वाटला तरी अनोळखी नंबर बंद करायचा, हे आम्हीच तिच्याकडून घोकून घेतलंय, लेकीने आणि मी. ती म्हणाली, माझी आजी आत्ता टॅबवर माझ्याशी बोलतेय.

आणि मागून कोणीतरी म्हणालं, शहाणी माझी बाय, ठेव फोन. माझ्याच आवाजात.

११ मार्च

विचार करून डोकं फुटायची वेळ आली. ती जे काही आहे, या डबीतून जाते. डबी बंद केली तर ती उपाशी. पण मग ठकी त्या तासात एकटी, आणि मलाही घरचं काही कळणार नाही.

लेकीला लिहिलं, ठकीला तेवढा वेळ शेजारी ठेव. एकच टिक. पोचलंच नाही. बराच वेळ वाट पाहिली. एकच टिक.

डबीची बॅटरी काढली.

१२ मार्च

शांत. दिवसभर लेस केली, एकही टाका उसवावा लागला नाही. संपलं असावं. देवा, संपलं असू दे.

१३ मार्च

राहवलं नाही. सुट्टीत खोलीवर येऊन बॅटरी घातली. नेट आज पहिल्यांदाच वेगात. लेकीचा मेसेज —

आई, तुझं कालचं वाचलं. नेट चालत नाही म्हणून काम सोडून निघालीस? वेडी आहेस तू! आज येतेयस तर घाई करू नको. मी ऑफिसात असेन, ठकी दार उघडेल, तिला सांगून ठेवलंय.

मी काल काही लिहिलेलं नाही. काल डबी बंद होती.

माझा पासपोर्ट समोर आहे. मी इथे आहे.

वेग गेला. लेकीला फोन — लागत नाही. मेसेज जात नाही. सोमवारच्या त्या फोननंतर घरमालकिणीचा नंबर घरच्यांनी ब्लॉक केलाय. ती बिचारी तरी जिन्यात उभी राहून लावतेय, लावतेय —

ठकीचा आवाजी निरोप आलाय. वर्तुळ फिरतंय. थोडा उतरला.

आजी, बेल वाजली. तूच का गं?

थांबला. वर्तुळ.

पावलं. स्टूल ओढल्याचा आवाज. वरची कडी तिला स्टुलाशिवाय — नको, ठकी, नको गं —

वर्तुळ.

कडी निघाली. ठकी हसली. आणि मग मी. एकदाही न अडकता. दार लावून घे बाळ, आई यायला अजून वेळ आहे, तोवर आपण —

वर्तुळ फिरतंय. अजून आहे पुढे. अजून उतरतंय. ठकी म्हणते, आजी, तुझे हात असे का—