पदरचं न घालणारा डबा

५ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.

आम्ही दोघं बरी आहोत, गुडघा सोडला तर. पण गुडघा सोडून जायचं कुठं? अक्षर वाकडं आहे, चालवून घे. शाळा चौथीपर्यंत, त्यातही एक वर्ष गोवरात गेलं.

तर मुद्दा. तू आजोबांच्या रेकॉर्ड प्लेअरला ती भारी, नाजूक सुई पाठवलीस ना, ती बसवल्यापासून गाणं मुंगीच्या पावलांनी येतं. बटण पुरतं पिळलं की नुसती गुरगुर. हे म्हणतात, सुई उत्तम आहे, माझेच कान गेले. बहिऱ्याला प्लेअर कशाला, म्हणून महिनाअखेरीस पुतण्या तो न्यायला येतोय, यांनीच बोलावलंय. पण मी फोनवर तुझ्या आईशी यांच्या गोड खाण्याबद्दल कुजबुजले, ते मात्र यांना आतल्या खोलीत लख्ख ऐकू आलं! नातीची भेट वाया गेली असं तुला वाटू नये, म्हणून हा माणूस बहिरा व्हायला निघालाय.

प्लेअर मी उंबऱ्याबाहेर जाऊ देणार नाही. काय करायचं ते लिही, मला कळेल असं.

तुझी, माया आटत नाही अशी,
आजी

११ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

आजोबा फोनवर कान गेले म्हणाले, म्हणून मी कानाच्या डॉक्टरची वेळही घेऊन ठेवलीय! गोंधळ माझा आहे. या सुईचा आवाज मुळातच फार बारीक. तिला आवाज जास्त वाढवून देणारा फोनो प्रीॲम्प लागतो, म्हणजे सुई आणि स्पीकरच्या मधला तो डबा. तुमचा जुना डबा मोठ्या आवाजाच्या सुईचा आहे.

असं समज, लाजरी सून दाराआडून बोलतेय. तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगणारा निरोप्या हवा, पण पदरचं न घालणारा. प्लेअर दुकानात ने, सुई वर उचललेली ठेव, आवाज वाढव आणि ऐक; गाण्याआधीच जो डबा स्वतः बोलायला लागेल तो नको.

ओरडा खायला तयार असलेली,
भिंगरी

२६ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.

प्लेअर दुलईत गुंडाळला, रिक्षात मांडीवर घेतला आणि गेले. यांना सांगितलं, शिंप्याकडे चाललेय. दुकानदारानं दोन डबे काढले. एक चकचकीत, दिव्यांचा. सुई वर ठेवून आवाज वाढवला, तर तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा फसफसला. दुसरा साधा, पत्र्याचा, अगदी गप्प. दुकानदार हसला, म्हणाला, आजी, रेकॉर्ड न लावता कुणी ऐकतं का? मी म्हटलं, ज्याला स्वतःला गप्प बसवत नाही तो दुसऱ्याचा निरोप काय नेणार? मग रेकॉर्ड लावली. गाणारीनं श्वास घेतलेला कळला, बाई! पत्र्याचाच घेतला.

घरी येऊन जोडते तोवर पुतण्या दारात. त्याला बसवलं आणि सुई टेकवली. हे आतून आले, चष्मा कपाळावर, एक गाल दाढीच्या साबणाचा. खुर्ची ओढून बसले. माझ्याकडे बघेनात. पुतण्या बिचारा सांगितल्या कामाचा, वायर काढायला वाकला.

हे म्हणाले, "हात काढ. गाणं चालू आहे."

तो रिकाम्या हातानं गेला, चहा मात्र दोनदा पिऊन. डॉक्टरची वेळ तेवढी मोड.

आजोबांचे आशीर्वाद मीच लिहिते, ते दुसरी बाजू लावताहेत.

तुझी,
आजी