तण म्हणून नोंदलेल्या रोपांबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
भाजीपाला तुकडे वाटप विभाग,
नगरपालिका उद्यान कार्यालय.

विषय : तुकडा क्रमांक सतरामधील तण काढण्याच्या नोटिशीबाबत खुलासा व विनंती.

संदर्भ : आपली नोटीस, जी तुकड्याच्या फाटकाला सुतळीने बांधलेली मिळाली.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून, शिवणकामाचा धंदा करणारा खाली सही करणारा अर्जदार आपला खुलासा सविनय सादर करतो, तो येणेप्रमाणे.

१. भाजी लावण्यासाठीचा सदर जमिनीचा तुकडा अर्जदार व अर्जदाराची पत्नी यांना दोघांच्या नावे याच वर्षी पहिल्यांदा मिळाला. त्यापूर्वी आम्हां दोघांना बागकामाचा काडीचाही अनुभव नव्हता. एका खोलीच्या दुकानात मी कापड बेतायचं आणि तिने शिवायचं, यात जन्म गेला. खिडकीत साधी कुंडीसुद्धा नव्हती, कारण खिडकीत मशीन होतं. आपलं मंजुरीचं पत्र आलं तेव्हा ती म्हणाली, चला, आता डोळ्यांना टाक्यांशिवाय दुसरं काहीतरी दिसेल.

२. जमीन तयार करण्याचे काम अर्जदाराने रीतसर केले. विटांचे तुकडे वेचले, माती खणली, वाफे टेप लावून आखले आणि ओळी मारायला दुकानातला खडू नेला. ओल्या मातीवर खडू उमटत नाही, हे त्याच दिवशी समजले. अहो, विजार बेतताय की भाजी लावताय, असं पत्नीने चार तुकड्यांपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं. मग एप्रनच्या चार खिशांत चार प्रकारचं बी घेऊन ती मनाला येईल तिथे पेरत सुटली. घेवडा, पालक, मुळा आणि गाजर. पाट्या लावू या का, असं मी विचारलं तर म्हणाली, कशाला? मला माहीत आहे ना काय कुठे आहे. तिला माहीत होते व अर्जदारास नव्हते, ही बाब प्रस्तुत प्रकरणी कृपया ध्यानात घ्यावी.

३. पेरणीला आठवडा झाला नसेल, तोच तिला दवाखान्यात दाखल करावे लागले. पोटाचं दुखणं तिने कितीतरी दिवस अंगावर काढलं होतं आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. मी सकाळी तुकड्याला पाणी घालून दुपारी दवाखान्यात जात असे. तब्येतीचं विचारलं की ती हात झटकायची आणि उलट विचारायची, उगवलं का? ज्या दिवशी हिरवं दिसलं त्या दिवशी मी धापा टाकत वॉर्डात गेलो. पानं कशी आहेत ते नीट सांगा, म्हणाली. बारीक आहेत, कडेला कातरलेली आहेत, असं मी सांगितलं. गाजरच ते, म्हणाली. देठ लालसर आहे म्हटलं, तर तो पालक. फाटकाजवळचं जरा खरखरीत लागतं म्हटलं, तर तो मुळा. असं रोज चालायचं. शेजारच्या खाटेवरच्या बाईसुद्धा मला बघितलं की विचारायच्या, काय हो, आज मुळा केवढा झाला? पत्नी त्या दिवसांत फार खुशीत होती. तिने मला एकच गोष्ट बजावली होती, की मी येईपर्यंत काही उपटू नका, तुम्हाला कळत नाही, तणाबरोबर माझी भाजीच उपटून बसाल. ती घरी आली नाही.

४. आमच्या दुकानाची रीत अशी होती, की एकाने हातात घेतलेलं काम दुसऱ्याने उसवायचं नाही. तिने घातलेला टाका चुकलेला दिसला तरी मी तिला दाखवायचो आणि तीच उसवायची. गिऱ्हाईक डोक्यावर येऊन बसलं तरी ही रीत आम्ही मोडली नाही. त्यामुळे सदर तुकड्यातील एकही रोप अर्जदाराने उपटले नाही, ते आळस किंवा हेळसांड म्हणून नव्हे.

५. आता आपल्या पर्यवेक्षकांच्या अहवालाबाबत. अहवालात म्हटले आहे की तुकड्यात गुडघाभर तण माजले असून पीक दिसत नाही, आणि तणालाच नियमित पाणी घातले जात असल्याचे दिसते. यातील शेवटचा भाग अर्जदारास मान्य आहे. 'तण' या शब्दास मात्र हरकत आहे. सदर रोपांची ओळख एका तुकडाधारकाने नावानिशी पटवलेली आहे. ती ओळख चुकीची ठरवण्यापूर्वी त्या तुकडाधारकाचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक होते. ते आता शक्य नाही, यात अर्जदाराचा दोष नाही. तसेच आपल्या माणसांनी रस्ता साफ करताना फाटकाजवळची हातभर पट्टी मशीनने कापून टाकली. त्याची भरपाई नको. पण तो मुळा होता, एवढी नोंद आपल्या दप्तरी व्हावी.

६. शेजारच्या तुकड्यावर एक निवृत्त नर्स आहेत, त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. अर्जदाराने त्यांचेही मत घेतले. त्यांनी वाकून वाकून सगळं पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, भाऊ, तुमच्याकडून पाणी जरा जास्तच झालं असेल, बी कुजतं हो अशानं. पण माती छान आहे, पुढच्या खेपेला भरपूर येईल. मी समजायचं ते समजलो. तरीही घरी जाऊन पालक ठरलेल्या रोपाची पानं शिजवली आणि खाल्ली. कडू जहर होती. पानात टाकवेनात, म्हणून सगळी संपवली. दुसऱ्या दिवशी हे सिस्टरना सांगितलं तर त्या माझ्यावर अशा काही उखडल्या! अक्कल गहाण टाकलीय का, काही झालं असतं म्हणजे, असं म्हणाल्या आणि स्वतःच्या तुकड्यातली पालकाची जुडी हातात कोंबून गेल्या. ती जुडी मी मुलीकडे पाठवून दिली. मुलगी फोनवर सारखी म्हणते, बाबा, सोडा आता ती जागा, माझ्याकडे राहायला या. तिला काय सांगू?

७. तुकडा सोडायचा नाही. तिने हौसेने मागितलेली ही एकच जागा आहे, बाकी जन्मभर तिने काही मागितलं नाही. नियमाप्रमाणे उद्या संध्याकाळपर्यंत तण निघाले नाही तर तुकडा रद्द होऊन यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाईल, हे अर्जदारास समजले आहे. ती येणार नाही, हेही समजले आहे, साहेब. मला वेड लागलेलं नाही. परवा खुरपं घेऊन मी वाफ्यात बसलो होतो. हात पुढे जाईना. एवढ्या वर्षांत कितीदा तरी मी तिचं ऐकलं नाही, दुकानात तर माझंच चालायचं. आता तिचं ऐकायचं म्हणून एवढी एकच गोष्ट उरली आहे, आणि तीच मोडा असं नोटीस सांगते. तिथेच बसून पोटभर रडलो आणि पाणी घालून परत आलो.

८. सबब विनंती की, मुदतवाढ नको. तण मी उद्या सकाळी माझ्याच हाताने काढीन, आपल्या माणसांनी मशीन आणू नये. फक्त ज्या पर्यवेक्षकांनी अहवाल लिहिला, त्यांना तेवढा वेळ तुकड्यावर पाठवावे. त्यांनी काही करायचं नाही. माझ्याशेजारी उभं राहून फक्त 'उपटा' म्हणायचं. प्रत्येक रोपाला म्हणावं लागेल. मी थांबलो तर जरा दरडावून म्हणावं, मला राग येणार नाही.

कळावे, मेहरबानी व्हावी,

आपला नम्र,
(सही)
तुकडा क्रमांक सतराचा धारक

दिनांक : नोटिशीची मुदत संपण्याच्या आदला दिवस