बादलीचा कान

बाबा, आज बाजारात बादली घ्यायला गेले आणि सवयीने तिचा कान ओढून बघितला. दुकानदार हसला. "आजी, बादली घेताय की कान पिळताय?" त्या मेल्याला काय सांगणार, की कान बघायला मला तू शिकवलंस!

डावा गुडघा गेला म्हणून तू होडी सोडलीस आणि डहाणू रोडला एका गुजराती शेठच्या बादल्यांच्या कारखान्यात पायाच्या वेल्डिंग मशीनवर लागलास. तांब्याच्या दोन दांड्या, मधे बादलीचा पत्रा आणि कडी अडकवायचा कान. उजवा पाय दाबला की वीज जायची आणि दोन्ही पत्रे एकजीव व्हायचे. पाय किती वेळ दाबायचा याला घड्याळ नव्हतं. तू जाळं ओढायची आरोळी द्यायचास, "हैऽऽ या", आणि ती संपली की पाय उचलायचास. दुपारी शेजारचा बर्फाचा कारखाना सुरू झाला की वीज मंदावायची, तेव्हा आरोळी दोनदा. बाकीचे चिडवायचे, "काका, म्हावरं लागलं का?" पण तुझा वेल्डिंगचा टाका कधी सुटला नाही.

मी मॅट्रिक झाले तशी शेठने मला माल तपासायला ठेवलं. छिनी धरायला तूच शिकवलंस. कानाखाली घालून पिळायची. पत्रा फाटून कानाला चिकटून आला तर टाका पक्का, कान नुसता सोलून निघाला तर कच्चा. "मग माल बापाचा असो नाहीतर देवाचा," तू म्हणालेलास.

त्या वर्षी तुझा उजवा गुडघाही कुरकुरायला लागला. माझ्या टेबलापर्यंत ऐकू यायचं, दुपारची दुसरी आरोळी अर्ध्यावर तुटायची, म्हणजे पाय आधीच उचलला जायचा. आई घरी तुझ्या गुडघ्याला तेल चोळायची आणि मी शेजारी बसून गपगुमान भाकरी खायचे. विचारलं असतं तर तू खरं बोलला असतास, आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं. शिवाय कारखान्यातले बाप्ये माझ्या छिनीला टरकायचे, त्याची ऐटही होतीच. लाज वाटते आता.

मग झरीकडच्या आश्रमशाळेचा माल निघाला. पोरांना गरम डाळ वाढायच्या बादल्या. ट्रक दारात उभा. शेठ म्हणतो, "बेन, एक तोडून बघ ने, भरून टाकू." मी उठायच्या आत तू लंगडत येतोस आणि पुढच्या रांगेतली, सकाळची बादली माझ्यासमोर ठेवतोस. "ही घे, पोरी." माझ्याकडे बघत नाहीस. मी ती बाजूला सारते आणि मागच्या रांगेतली, दुपारची ओढते. छिनी घालते, पिळते. कान अलगद माझ्या हातात येतो. दुसरीचाही. तिसरीचाही.

"आज वीज नव्हती ना," तू लहान पोरासारखा म्हणालास.

शेठने मला विचारलं, "वीज की पाय?"

मी म्हटलं, "पाय."

दुसऱ्या दिवसापासून तू अंगणात बसून चिंधीने बादल्या पुसायला लागलास आणि मशीनवर एक दांडगा गडी आला. आई माझ्यावर तुटून पडली. "परक्याने केलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. तुला काय घालू?" तू म्हणालास, "तिचं बरोबर आहे. जेवायला वाढ." एवढंच. त्यानंतर तुझी आरोळी मी ऐकली नाही. किनाऱ्यावर होडी वर ओढताना सगळे ओरडायचे आणि तू नुसता हात लावून उभा राहायचास, तोंड मिटून.

हा कागद माफी मागायला घेतला होता. घरी आधी बोलले नाही, त्याची मागते. चारचौघांत "पाय" म्हटलं, त्याचीही मागते. पण मागची बादली ओढली त्याची माफी तोंडातून निघत नाही, बाबा. आजही तीच ओढीन. मी तीच ओढणार हे तुला पक्कं माहीत होतं, तरी चांगली बादली तू माझ्या पुढ्यात ठेवलीस. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की तुझ्या आठवणीने रडू येतं. रडू येतंच. पण त्याच्याही आधी मला तुझा राग येतो.