घरच्यांकडून कसली फी?

भाऊजी,

घर बांधायचं ठरलं तेव्हा तुमच्या दादांनी फी विचारली, तर तुम्ही कानांना हात लावलात. "आर्किटेक्ट घरचाच असताना कसली फी, वहिनी?" मला भरून आलं. तेव्हाच तुमच्या खिशात पैसे कोंबायला हवे होते.

स्वयंपाकघराला तुम्ही दार ठेवलं नाहीत, भिंतही नाही. घर मोकळं वाटतं म्हणे. बैठकीत येणाऱ्या-जाणाऱ्याला दिवसभर माझी पाठ दिसते. परवा लाकडी आडोशाचं नि दाराचं माप घ्यायला सुतार बोलावला, तर दादांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. "भावाने एक पैसा घेतला नाही, आणि आपण खोट काढायची?"

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, कळतं मला. पण या गाईच्या पोटात मला राहायचंय, भाऊजी! तुमची फी सांगा. पाटल्या मोडून देईन, मग तुमच्याशी मनसोक्त भांडेन.

दिवसा कडी लावून बसता येईल अशी घरात एकच जागा आहे. तिथेच पालथ्या बादलीवर बसून हे लिहितेय. बाहेर तुमचाच आवाज येतोय, नवं गिऱ्हाईक आणलंय वाटतं.

"वहिनी, आटपलं का? यांना बाथरूमच्या फरश्या बघायच्यात."

आले हं, आले.

तुमची,
वहिनी