शेवटच्या धारा

आई, आज दुधाची नवी पिशवी घेतली. तिच्यावर हसऱ्या गाईचं चित्र आणि खाली शिक्का, की या गाई मायेनं सांभाळल्या आहेत. मला तूच आठवलीस. तुझ्या दाराशी होती ती दुधाची पाटीसुद्धा डेअरीवाल्यांनी काढून नेली होती.

नव्वदनंतरची ती वर्षं, आपलं जामखेडकडचं गाव. आपल्या बौद्धवस्तीतलं दूध डेअरीच्या कॅनमध्ये साऱ्या गावाच्या दुधात मिसळायचं, त्याची कुणाला अडचण नव्हती. पण घरून रतीब न्यायला कुणी येत नसे. मग गोठा स्वच्छ, दूध कसदार म्हणून डेअरीनं आपल्या दाराशेजारी 'उत्तम दूध' अशी पत्र्याची पाटी लावली, आणि वरच्या आळीतल्या काकू नातवासाठी तांब्या घेऊन यायला लागल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहायच्या, पण यायच्या. पाटीचे तेवढे उपकार मी मानते.

पुढच्या वेताचं वासरू अशक्त निघालं. तू शेवटच्या धारा त्याच्यासाठी सोडायला लागलीस. खरी साय त्याच धारांत, त्यामुळे डेअरीत फॅट कमी लागायला लागलं. मी तुझ्यामागे भुणभुण लावली: पाटी जाईल, काकू यायच्या थांबतील, पुरतं पिळून घे. तू मानही वर न करता म्हणालीस, "वासराला काय सांगू? तुज्या मायचं दूध परीक्षेला बसलंय, तू उपाशी ऱ्हा?" शेवटी पाटी गेलीच. फॅटच्या यंत्राला वासरू थोडंच दिसतं.

दुसऱ्या सकाळी काकू येतात. भिंतीवर नुसता खिळा.

"पाटी कुठं गं?"

"नेली काकू. फॅट कमी लागतंय," तू म्हणालीस.

"पानी घालती का काय?"

"न्हाई वो. शेवटच्या धारा वासराला ठिवते."

काकू गोठ्यात डोकावल्या. वासरू ढुशा देत पीत होतं. "मग दे की दूध. त्या पाटीचं काय लोनचं घालायचंय?" असं म्हणत त्या उंबरा ओलांडून आत आल्या आणि टेकल्या. "आन् च्या टाक थोडा."

माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला दहावी पास झाल्यावरही वाटलं नाही.

अजूनही मी पिशवीवरचे शिक्के वाचते. कुणीतरी बघून गेलंय, एवढा दिलासा त्यात असतो. पण काकूंसारखं डोकावायला इथे शहरात गोठा कुठून आणू?

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहू दे माझ्याजवळच. एक तेवढं सांगते. काकू गेल्यावर मी त्यांची कपबशी विसळायला उचलली, तेव्हा आधी कपात बघितलं. रिकामा होता.